पुढचे चाक आणि हातचे हत्यार

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही गावे मागे टाकून दुर्गला पोचतो. दुर्गला लागूनच भिलई आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारान्वये येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कराराच्या वेळी दुर्ग जिल्हा आणि नागपूर शहर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती दोन राज्यांत विभागली गेली आणि १ नोव्हेंबर २००० पासून भिलई छत्तीसगड राज्यात आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी नागपूरकडून गेलेली मराठी कुटुंबे दुर्ग-भिलईच्या वस्तीत मिसळून राहिली.

पोलाद जेथे तयार होते, तेथे त्याचा उपयोग करणारे लहानमोठे उद्योगही जमतात. भिलईतील हथखोज हे नाव आज अवजड उद्योगांच्या क्षेत्राचे नाव म्हणून परिचित आहे. मराठी कानाला या नावात ‘हात’ आणि ‘खोज’ असे दोन शब्द ऐकू येतात. ही व्युत्पत्ती खरी मानण्याचे कारण नाही. तरी प्रस्तुत विषयाला ती शोभते खरी. कारण विषय आहे तो हाताशी असलेल्या वस्तूंतून नेमके हत्यार शोधून काढण्याचा.

रात्रपाळी संपवून मोटारसायकलने घरी निघालेल्या कामगाराचे पुढचे चाक वाटेत बसले, अशी कल्पना करावी. टायर ट्यूबविरहित असेल आणि भोक लहान असेल, तर चाक न काढताही त्यात रबरी गुडदी ठोकून काम भागते. परंतु आऱ्यांच्या चाकात ट्यूब असेल, धाव वाकली असेल किंवा बेअरिंग खिळखिळे झाले असेल, तर चाक उतरवावेच लागते. दीडशे किलोग्रॅम वजनाची गाडी ढकलीत नेण्यापेक्षा केवळ चाक एखाद्याच्या सायकलवरून दुकानापर्यंत नेणे पुष्कळ सोपे. मात्र त्या चाकाचा आस बाहेर काढण्याचे हत्यार जवळ हवे. ते बहुधा नसते.

आसाचे दोन प्रकार

रोजच्या वापरातील बहुतेक हलक्या मोटारसायकलींत पुढचा आस म्हणजे एक लांब बोल्टच असतो. त्याचे एक डोके षट्कोनी असते व दुसऱ्या टोकाला नट असतो. दोन पाने मिळाले की काम झाले: एकाने डोके अडवून धरावयाचे, दुसऱ्याने नट फिरवावयाचा. जुन्या काही गाड्यांत आसाच्या डोक्याला आडवे भोक ठेवीत. त्यात एखादी सळई किंवा स्क्रूड्रायव्हरची दांडी घालून आस फिरवीत ओढून घेता येतो. येथे हत्यार म्हणून विशेष काही लागतच नाही, आणि ही रचना मागे पडली याचे दुरुस्ती करणाऱ्यास वाईट वाटल्यास नवल नाही.

अधिक शक्तीच्या गाड्यांत आस पोकळ असतो आणि त्याच्या तोंडाशी आतून षट्कोनी खाच असते. बाहेर पकडावयास काहीच नसते. खाचेच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर हे तिचे माप होय. १७, १९, २२ व २४ मिलिमीटर ही मापे अधिक आढळतात. लहान स्क्रूंसाठी जी वाकडी षट्कोनी किल्ली मिळते व जिला आपल्याकडील कारागीर ‘एलन की’ म्हणतात, तिचीच ही थोर भावंडे. परंतु सामान्य संचातील सर्वांत मोठी किल्ली १० मिलिमीटरची असते, आणि १९ किंवा २४ मिलिमीटरची किल्ली सायकल-दुरुस्तीच्या दुकानात सोडाच, बऱ्याच गॅरेजांतही मिळत नाही.

आतून खाच पाडण्याची ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रूढ झाली. त्या काळी कारखान्यांतून छतालगत लांब दंड फिरत आणि त्यांवरील कप्प्या चौकोनी डोक्यांच्या स्क्रूंनी घट्ट केलेल्या असत. फिरत्या दंडावर बाहेर आलेली ती डोकी कामगारांच्या कपड्यांत अडकत व अपघात होत. डोके बाहेर ठेवावयाचेच नाही, या विचारातून आतली खाच आली. मोटारसायकलच्या आसातही तोच लाभ आहे. टोक फोर्कच्या पायाशी सपाट राहते, बाहेर काही अडकत नाही.

आस पोकळ का करतात, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढे हत्यार बनविताना तेच तत्त्व उपयोगी पडते. २० मिलिमीटर जाडीच्या भरीव आसात मधोमध १२ मिलिमीटरचे भोक पाडले, तर त्याचे वजन ३६ टक्क्यांनी कमी होते. वाकण्यास विरोध करण्याची त्याची शक्ती मात्र केवळ १३ टक्क्यांनी घटते. वजनाचा हिशेब व्यासाच्या वर्गाने होतो, तर या विरोधाचा व्यासाच्या चौथ्या घाताने. बारा भागिले वीस म्हणजे ०.६, त्याचा वर्ग ०.३६ आणि चौथा घात सुमारे ०.१३. तात्पर्य, मध्यभागीचे पोलाद फारसे काम करीत नाही. जे काम होते ते कडेच्या पोलादाकडून.

बोल्टचे डोके हीच किल्ली

षट्कोनी खाचेत बसेल असा षट्कोनी ठोकळा पाहिजे. तसे ठोकळे प्रत्येक कारखान्यात पेट्यांनी पडलेले असतात, फक्त ते ठोकळे म्हणून ओळखले जात नाहीत. ती बोल्टची डोकी होत. योग्य मापाचा बोल्ट घेऊन त्याचे डोके आसाच्या खाचेत बसवावे. बाहेर आलेल्या मळसूत्रावर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट आवळावे. मग नटांना पाना लावला की बोल्ट फिरतो, आणि बोल्टबरोबर आसही.

दोन नट कशासाठी? एकच नट लावून पाना फिरविला, तर नट मळसूत्रावरून नुसता धावत जाईल. दोन नट परस्परांवर आवळले म्हणजे एक नट मळसूत्राच्या आट्यांना बाहेरच्या दिशेने दाबतो व दुसरा आतल्या दिशेने. दोहोंचे आटे उलट दिशांनी रुतून बसतात आणि घर्षणामुळे नट व बोल्ट यांचा जणू एकच तुकडा होतो. येथे एक बारकावा आहे आणि तो चुकला की सर्व खटाटोप फुकट जातो. आस सैल करावयाचा असेल, तेव्हा पाना आतल्या, म्हणजे डोक्याजवळच्या नटाला लावावा. उलट फिरविताना तो नट बाहेर येऊ पाहतो, परंतु बाहेरचा नट त्याची वाट अडवितो व पकड अधिकच घट्ट होते. आस आवळावयाचा असेल, तेव्हा पाना बाहेरच्या नटाला लावावा. तो आत जाऊ पाहतो आणि आतला नट त्याला अडवितो. नेमके उलटे केले, तर पहिल्याच झटक्याला नट सुटतात आणि कारागीर बोल्टला दोष देतो.

आता मापाचा प्रश्न. बोल्टच्या डोक्यांची मापे दोन परंपरांत मिळतात. जुन्या मानकाप्रमाणे १० मिलिमीटर बोल्टचे डोके १७ मिलिमीटर, १२ चे १९, १४ चे २२ आणि १६ चे २४ मिलिमीटर असे. आसाच्या खाचांची मापे अगदी हीच आहेत, हे लक्षात येईल. पुढे स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात पहिल्या तिघांची डोकी अनुक्रमे १६, १८ व २१ मिलिमीटर झाली. १६ मिलिमीटर बोल्टचे डोके मात्र २४ च राहिले. बाजारात दोन्ही तऱ्हांचा माल शेजारीशेजारी विकला जातो. तेव्हा दुकानदाराकडे ‘बारा नंबरचा बोल्ट’ मागून भागत नाही. व्हर्नियर कॅलिपरने डोके मोजूनच घ्यावे. इंची मापाच्या अर्धा इंची बोल्टचे डोके पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असते. भंगारातील असा बोल्ट १९ च्या खाचेत पुष्कळदा अलगद बसतो, कारण खाच किंचित मोठी आणि डोके किंचित लहान ठेवण्याची रीतच आहे.

एक मिलिमीटरने काय बिघडते?

सतराच्या खाचेत सोळाचे डोके घातले तर चालणार नाही का, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुठ्ठ्यावर काढून पाहता येते. एका जाड पुठ्ठ्यात समोरासमोरच्या बाजूंत १७ सेंटिमीटर अंतर असलेले षट्कोनी भोक कापावे. दुसऱ्या पुठ्ठ्याचा १६ सेंटिमीटरचा षट्कोन कापून तो त्या भोकात मधोमध ठेवावा आणि हळूहळू फिरवावा. तो सुमारे सात अंश मोकळा फिरेल आणि मग अडेल. कोठे अडला ते नीट पाहावे. त्याची एकही बाजू भोकाच्या बाजूला टेकलेली दिसणार नाही. टेकलेले असतील ते फक्त सहा कोपरे.

पोलादातही हेच घडते. सपाट बाजूवर पसरावयाचा दाब कोपऱ्याच्या रेषेवर एकवटतो. कोपरा दबतो, गोल होतो आणि त्याबरोबर आसाच्या खाचेतील बाजूही खरवडली जाते. बोल्ट काही रुपयांचा असतो. आस तसा नव्हे. आणि एकदा खाच गोल झाली की नेमकी किल्ली मिळूनही उपयोग होत नाही. डोके आणखी लहान घेत गेल्यास काय होईल, याचीही मर्यादा भूमितीने सांगता येते. षट्कोनाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप बाजूंमधील अंतराच्या १.१५५ पट असते. म्हणून सतराच्या खाचेत १४.७ मिलिमीटरपेक्षा लहान डोके घातले, तर ते कोठेही न अडता गरगर फिरते.

डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घालून सैल डोके घट्ट बसविण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. पत्रा मऊ असतो व दाबाखाली सरकतो. आस हाताच्या जोराने निघण्याइतका सैल असेल तरच तिच्या वाटेस जावे.

पीळ सोसणारा दांडा

आता थोडे गणित. पाना फिरविताना लावलेले बल आणि बलापासून आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी २० किलोग्रॅम वजनाइतका जोर काटकोनात लावला, तर सुमारे ५९ न्यूटन-मीटर आघूर्ण मिळते. पुढचे आस साधारणपणे ५० ते ८० न्यूटन-मीटर इतके आवळलेले असतात. प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा. गंज चढला असेल, तर सोडविण्यास याहून अधिक जोर लागू शकतो.

हा सर्व पीळ नटांपासून डोक्यापर्यंत बोल्टच्या दांड्यातून जातो. दांडा तो सोसेल काय? बोल्टच्या डोक्यावर उमटविलेले आकडे येथे उपयोगी पडतात. ८.८ असा आकडा असेल, तर ते पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६४० न्यूटन ताणापर्यंत कायमचे लांबत नाही. ४.६ असा आकडा असेल, तर ही मर्यादा २४० न्यूटन. आकडाच नसलेला बोल्ट मऊ पोलादाचा समजावा. मळसूत्राच्या तळाशी दांड्याची जाडी सर्वांत कमी असते. ती धरून हिशेब केला, तर १२ मिलिमीटरचा मऊ बोल्ट सुमारे २६ न्यूटन-मीटरला पिळवटू लागतो. तोच ८.८ चा असेल, तर सुमारे ७० न्यूटन-मीटरपर्यंत टिकतो. १० मिलिमीटरचा बोल्ट मात्र ८.८ चा असूनही ४० न्यूटन-मीटरच्या आसपास हार मानतो.

या आकड्यांवरून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न होते. सतराच्या खाचेसाठी १० मिलिमीटरचा बोल्ट मापाने अगदी बरोबर आहे, परंतु बळाने अपुरा आहे. तो खाचेत सुरेख बसतो, पाना लावताच थोडा फिरल्यासारखाही वाटतो, आणि मग ध्यानात येते की आस जागच्या जागीच आहे व फिरला तो बोल्टचा दांडा. असा पिळलेला बोल्ट पुढच्या हिसक्याला तुटतो आणि त्यावर सर्व भार टाकून बसलेल्या माणसाची बोटे डिस्कवर आपटतात. चोविसाच्या खाचेची गोष्ट वेगळी. तेथे १६ मिलिमीटरचा साधा मऊ बोल्टही ६५ न्यूटन-मीटरच्या पुढे तग धरतो.

सतराच्या अडचणीवर दोन उपाय आहेत. पहिल्यास कानस लागते. नव्या मानकाचा १२ मिलिमीटर जाडीचा, ८.८ चा बोल्ट घ्यावा. त्याचे डोके १८ मिलिमीटरचे असते. प्रत्येक बाजूवरून अर्धा मिलिमीटर कानसला की ते १७ चे होते आणि दांडा मात्र १२ चाच राहतो. बोल्ट शेगड्यात उभा धरून समोरासमोरच्या बाजूंची एकेक जोडी संपवीत जावे. एक बाजू पुरी करून शेजारची घेतली, तर कोन बिघडतात. मधून मधून दिव्याची काजळी डोक्याला लावून ते खाचेत घालून पाहावे. जेथे काजळी पुसली जाईल तेथे पोलाद उंच आहे असे समजून तेवढेच कानसावे. ८.८ चे पोलाद कानसले जाते, पण सावकाश. अर्धा तास लागतो.

दुसरा उपाय अधिक सुबक आहे. दोन सळया टोकाला टोक लावून जोडण्यासाठी व्यासाच्या तिप्पट लांबीचा नट मिळतो. बाजारात त्याला कपलिंग नट किंवा लांब नट म्हणतात. १० मिलिमीटरचा लांब नट ३० मिलिमीटर लांब व जुन्या मापाप्रमाणे १७ मिलिमीटर रुंद असतो. १२ चा ३६ मिलिमीटर लांब व १९ रुंद, १६ चा ४८ मिलिमीटर लांब व २४ रुंद. त्याचा एक भाग आसाच्या खाचेत घालावा आणि बाहेर राहिलेल्या भागाला रिंग पाना लावावा. दुहेरी नटांचा खटाटोप नाही, बारीक दांडाही नाही. नट आतून पोकळ आहे म्हणून तो अशक्त असेल असे वाटते; पण पोकळ आसाचा हिशेब येथे आठवावा. सतरा रुंदीचा मऊ पोलादाचा नट पोकळ असूनही शंभर न्यूटन-मीटरहून अधिक पीळ सोसतो, कारण त्याचे सारे पोलाद कडेला आहे. मांडव, छपरे व नळांचे आधार बांधणाऱ्या कारखान्यांत हे नट सर्रास असतात. येथेही मापाची दुहेरी परंपरा आहेच. तेव्हा मोजून घ्यावे.

हथखोजसारख्या ठिकाणी तिसरा उपाय सुचविणारा कोणी ना कोणी भेटतोच. वेल्डिंगचे यंत्र हाताशी आहे, तर बोल्ट सरळ आसालाच जोडून टाकू, असे तो म्हणेल. त्याचे आभार मानून नकार द्यावा. त्या उष्णतेने बेअरिंगमधील वंगण जळते, जवळच रबरी टायर व ब्रेकच्या तेलाची नळी असते, आणि आस कायमचा निकामी होतो तो वेगळाच. वेल्डिंग करावयाचेच असेल, तर गाडीपासून दूर, बोल्टच्या डोक्याखाली एक नट जोडण्यापुरते करावे. मग पीळ दांड्यातून न जाता जोडातून थेट डोक्यात जातो. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट मात्र घेऊ नये, कारण जळत्या जस्ताचा धूर छातीत गेल्यास ताप भरतो.

चाक उतरविण्याचा क्रम

हत्यार तयार झाल्यावरही पुष्कळांचा आस निघत नाही, याचे कारण हत्यारात नसते. पोकळ आस फोर्कच्या पायात बाजूच्या एक किंवा दोन लहान स्क्रूंनी चिमटून धरलेला असतो. ते सैल केल्याशिवाय कितीही जोर लावला, तरी खाच खराब होण्यापलीकडे काही साधत नाही. म्हणून प्रथम ते स्क्रू सैल करावे. त्यानंतर, चाक अजून जमिनीवर असतानाच, आसाचा पहिला आटा सोडवावा. गाडी उचललेल्या स्थितीत लांब नळी लावून जोर करणे म्हणजे गाडी अंगावर घेणे होय.

पुढचे टोक उचलण्यासाठी मधला स्टँड असेल, तर तो लावून इंजिनखाली लाकडी ठोकळे सारावे. ठोकळे इंजिनच्या भक्कम भागाखाली हवेत. धुराच्या नळीखाली किंवा तेलाच्या गाळणीखाली नव्हेत. स्टँड नसेल आणि शेडला तुळई असेल, तर जाड दोराने गाडीचे पुढचे टोक फोर्कच्या वरच्या जोडापाशी बांधून टांगता येते. मागचे चाक दोन्ही बाजूंनी विटा लावून अडवावे. फोर्कच्या खालच्या टोकाला दोर बांधला, तर आस निघताच सर्व घसरते.

डिस्क ब्रेक असल्यास त्याचा चिमटा सोडवून तारेने फोर्कला बांधून ठेवावा. तेलाच्या नळीवर तो लोंबू देऊ नये. दोन ब्रेकपट्ट्यांमध्ये लाकडाची पातळ चीप घालावी. चाक बाहेर असताना कोणी सहज ब्रेकचा दांडा दाबला, तर पट्ट्या जवळ येतात आणि मग डिस्क त्यांत शिरत नाही. मुले भोवती जमली असतील, तर ही चीप प्रथमच घातलेली बरी.

आस सैल झाला पण बाहेर येत नसेल, तर त्याच्या टोकावर लाकूड, पितळ किंवा अॅल्युमिनिअमचा तुकडा ठेवून हातोड्याने हलके ठोके द्यावे. नट असलेल्या आसावर नट टोकाशी समतल होईपर्यंत परत चढवून मग ठोकावे, म्हणजे आटे चेचले जात नाहीत. बाहेर येणाऱ्या नळ्या, चकत्या, वेगमापकाचा भाग, सर्व ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडावे आणि डावी-उजवी बाजू खडूने लिहावी. उजवीकडची नळी डावीकडे गेल्यास चाक मध्यापासून सरकते व डिस्क चिमट्यात घासते.

परत बसविताना

चाक काढणे हा उद्योगाचा अर्धाच भाग आहे, आणि जिवाला धोका आहे तो दुसऱ्या अर्ध्यात. ढोलाच्या ब्रेकच्या गाड्यांत ब्रेकच्या तबकडीवर एक खाच असते. फोर्कवरील उंचवटा तिच्यात बसलाच पाहिजे. तो बसला नाही, तर साध्या चालीत काहीच जाणवत नाही. पहिल्यांदा ब्रेक दाबताच मात्र चाकाबरोबर तबकडीही फिरू पाहते, तार ओढली जाते, पुढचे चाक जागच्या जागी अडते आणि स्वार पुढे फेकला जातो. रात्री, थकलेल्या माणसाने, टॉर्चच्या उजेडात चाक बसविले असेल, तर ही खाच बोटाने चाचपून पाहावी. एवढी एक गोष्ट डोळ्यांवर विसंबून करू नये.

आस पुसून त्यावर वंगणाचा पातळ हात द्यावा व तो हाताने जाईल तितका घालावा. हाताने जात नसेल, तर काही तरी वाकडे बसले आहे. मग गाडी खाली घेऊन आस आवळावा. किती आवळावा, हे मोजण्याचे खास हत्यार जवळ नसते. पण सामान तोलण्याचा स्प्रिंगचा काटा पुष्कळ घरी असतो. पान्याच्या टोकाशी, आसाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर काटा अडकवून पान्याशी काटकोन ठेवीत ओढावे. काटा २० किलोग्रॅम दाखवील, तेव्हा आघूर्ण ५९ न्यूटन-मीटर झालेले असेल. पाना ४० सेंटिमीटरचा असेल, तर १५ किलोग्रॅम पुरतात. पंधरा लिटर पाण्याचा डबा पान्याला टांगूनही हेच साधेल, असे गणित सांगते. प्रत्यक्षात आस जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच असतो आणि डबा त्याहून उंच. तो टांगावयास जागाच उरत नाही. काट्याने वरच्या दिशेस ओढणे हेच सोयीचे. आवळताना दुहेरी नटांच्या हत्यारात पाना बाहेरच्या नटावर न्यावयाचा, हे येथे पुन्हा आठवावे.

चिमट्याचे लहान स्क्रू लगेच आवळू नयेत. ब्रेकचा चिमटा जागेवर बसवून, पुढचा ब्रेक धरून, हँडलवर भार देत फोर्क चारसहा वेळा खाली दाबावे. त्यामुळे फोर्कचे दोन्ही पाय आसावर आपापल्या नैसर्गिक जागी बसतात. मग ते स्क्रू आवळावे. त्यांना आसाच्या मानाने फार थोडा जोर लागतो आणि ते मोडणेही सोपे असते. नटाला आडवी पिन असेल, तर जुनी वाकविलेली पिन टाकून नवी घालावी. नवी नसेल, तर योग्य जाडीच्या पोलादी तारेचा तुकडा घालून टोके वळवावी आणि सकाळी दुकान उघडताच पिन आणावी.

गाडी सुरू करण्यापूर्वी ब्रेकचा दांडा कठीण लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावा. चिमटा काढघाल करताना पट्ट्या मागे सरकलेल्या असतात. पहिले दोनतीन दाब रिकामेच जातात, आणि ते रिकामे दाब रस्त्यावर जाऊ नयेत. पुढचे टोक उचलून चाक हाताने फिरवावे. ते घासाघीस न करता फिरले आणि बाजूने हलविल्यास खडखडले नाही, म्हणजे बैठक ठीक आहे. पहिला अर्धा किलोमीटर पायी चालण्याच्या वेगाने जावे, ब्रेक दोनदा हलकेच लावून पाहावा व थांबून आसाला हात लावावा. तो तापला असेल, तर काही तरी घासत आहे.

कानसलेल्या बोल्टवर खाचेचे माप रंगाने लिहून, नट जागेवर ठेवून, तो तेलकट चिंधीत गुंडाळून आसनाखालच्या पिशवीत ठेवावा. पुढच्या वेळी वापरण्यापूर्वी दोन्ही नट पुन्हा एकमेकांवर आवळून घ्यावे, दांडा पिळला आहे का हे आट्यांच्या सरळ रेषेवरून पाहावे, आणि पिळलेला दिसला तर बोल्ट भंगारात टाकून नवा कानसावयास घ्यावा.